कच्चे मडके आणि दुपदरी भिंत

उन्हाळा तोंडावर आला की बेंबळीसारख्या गावात माठांची खरेदी सुरू होते. बेंबळी हे धाराशिव तालुक्यातले गाव. २०२३ पर्यंत ज्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, त्या जिल्ह्यातले. माठ घेणारी बाई तो उचलून हातावर तोलते, बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर भाव सुरू होतो. बद्द आला तर माठ मुकाट्याने खाली ठेवला जातो. ही कृती आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. तिच्यामागे विचारांचा केवढा इतिहास उभा आहे, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

अध्यात्म आणि विज्ञान यांचा समन्वय हा विषय आपल्याकडे इतका चघळला गेला आहे की त्याविषयी नवे काही लिहिण्याचा संकोच वाटावा. या विषयावर जे लेखन आमच्या वाचनात येते, त्याचे साधारणपणे तीन प्रकार दिसतात. आजचे सारे विज्ञान आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे पहिला प्रकार सांगतो. अध्यात्म म्हणजे अज्ञानाचे दुसरे नाव, असे दुसरा सांगतो. तिसरा प्रकार सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय. थोडे हे, थोडे ते, सकाळी ध्यान आणि दिवसभर यंत्र, असा एक समतोल तो सुचवतो. तिन्हींचे वाचन झाल्यावर आमच्या हाती फारसे काही लागले नाही. तेव्हा या प्रश्नाकडे एखाद्या सिद्धान्तातून न पाहता एका भूभागातून पाहावे असे वाटले. बेंबळीला मध्य मानले तर एकीकडे तेर आहे आणि दुसरीकडे सास्तूर-किल्लारीचा पट्टा आहे. दोन्हींना जोडणारे तेरणेचे खोरे एकच आहे. या टापूत मातीने जे शिकवले ते वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या बाजारपेठेचा उल्लेख येतो. तेथून गाड्यांत भरून कापड भडोचच्या बंदराकडे जाई. टॉलेमीच्या भूगोलातही हे नाव आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे, उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचे आहे, आणि जमिनीखालून जे निघाले त्यात मोठा भाग भाजलेल्या मातीचा आहे: भांडी, मणी, मूर्ती. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेला हा ठेवा आज तेरच्या शासकीय संग्रहालयात पाहावयास मिळतो. माती कोणती घ्यावी, ती किती मळावी, किती भाजावी, याचे ज्ञान या गावात दोन हजार वर्षे हातातून हातात आले आहे. त्याची पोथी कोणी लिहिली नाही.

याच गावात संत गोरोबा कुंभार झाले. परंपरेनुसार त्यांचा काळ १२६७ ते १३१७ असा आहे. ज्ञानदेव-नामदेवांच्या मांदियाळीत ते वयाने वडील, म्हणून सारे त्यांना काका म्हणत. त्यांच्या नावावर अभंग थोडेच आहेत. लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या त्यांच्या गोष्टी, आणि त्यांतही मुख्यतः दोन. महिपतीच्या १७६२ मधील ‘भक्तविजया’ने त्या घरोघर पोहोचवल्या. या दोन गोष्टी आपण नेहमी वेगवेगळ्या ऐकतो. त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट सर्वज्ञात आहे. गोरोबा नामस्मरणात तल्लीन होऊन माती तुडवीत आहेत. त्यांचे रांगते मूल त्या चिखलात येते आणि पायांखाली तुडवले जाते, पण बापाला भान नाही. पत्नी येऊन पाहते तो माती लाल झालेली. ही कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगितली जाते, आणि कीर्तनात श्रोत्यांचे डोळे पाणावतात तेही त्याच अर्थाने. परंतु कथा बारकाईने ऐकली तर तिच्यात आणखी एक आवाज आहे. तो त्या आईचा. ती आक्रोश करते, नवऱ्याला बोल लावते, ज्या विठ्ठलापायी हे घडले त्यालाही सोडत नाही. परंपरेने हा आक्रोश दडपला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो सांगितला. पुढे शपथ येते, पुढे हात तोडून घेणे येते, आणि शेवटी पंढरपुरी हातही परत येतात आणि मूलही. ज्या समाजाने ही कथा रचली त्याला ठाऊक असले पाहिजे की ध्यान कितीही उत्कट असले तरी पायांखाली काय आहे याचे भान सुटले तर अनर्थ होतो, आणि तो अनर्थ निस्तरण्यास चमत्काराखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

दुसरी गोष्ट वेगळ्या जातीची आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली आहेत. लहानगी मुक्ताबाई त्यांना विचारते, काका, ही थापटी कशाला? ते सांगतात, मडके कच्चे की पक्के हे यावरून कळते. मग ती म्हणते, आम्हीही मडकीच. आमचीही परीक्षा करा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटी मारीत जातात. सारे शांत राहतात. नामदेव मात्र रागावतात, आणि गोरोबा निर्णय देतात की हे मडके कच्चे आहे. अपमानित नामदेव विठ्ठलाकडे तक्रार घेऊन जातात. तेथेही निर्णय बदलत नाही. अखेर ते विसोबा खेचरांकडे जाऊन शिष्यत्व पत्करतात.

या कथेत परीक्षक कोण आहे, हे आधी पाहावे. जमलेल्यांत ज्ञानदेवांसारखा शास्त्राचा जाणकार आहे; परंतु निर्णयाचा अधिकार कुंभाराला दिला आहे, आणि तो त्याच्या धंद्यातील जाणतेपणामुळे दिला आहे. मडके वाजवणे म्हणजे आतील अदृश्य स्थिती बाहेरच्या लक्षणावरून ओळखणे. माती सुमारे ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापली की तिच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते, आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. उष्णता आणखी वाढली की कण एकमेकांना घट्ट धरू लागतात. असे मडके ठोकरले की त्याचा सारा देह एकसंधपणे कंप पावतो आणि आवाज खणखणतो. कोठे चीर असेल किंवा भाजणी अपुरी असेल तर कंप मध्येच विरतो आणि आवाज बद्द येतो. कच्चे मडके दिसायला पक्क्यासारखेच असते. फरक कळतो तो पाणी भरल्यावर, म्हणजे फार उशिरा. किंवा आधीच वाजवून पाहिले तर.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. गोरोबांना पदार्थविज्ञान ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांना मडकी ठाऊक होती. एडगर झिल्सेल या अभ्यासकाने १९४२ मध्ये अशी मांडणी केली की युरोपात आधुनिक विज्ञान जन्मास आले ते वरिष्ठ कारागिरांचे हातचे ज्ञान आणि विद्वानांची तर्कपद्धती यांची गाठ पडली तेव्हा. त्याच्या मांडणीवर पुष्कळ वाद झाले आहेत. तरीही तिच्या प्रकाशात तेरच्या कथेकडे पाहिले की मन थबकते. आपल्याकडे ही गाठ कथेत पडली होती. कुंभाराने पंडितांना तपासले आणि त्यांनी ते मानलेही. समाजात मात्र ती पडली नाही. थापटी कुंभारवाड्यात राहिली आणि पोथी पंडिताच्या घरी. कथा आपण भक्तिभावाने ऐकली आणि तिचा व्यवहार सोडून दिला.

या सोडून देण्याची किंमत काय असते, हे या टापूने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून थकलेली माणसे घरात झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना धरणी हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, आणि केंद्र उथळ होते. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे ८,००० माणसे गेली.

एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसे का जावीत, याचे उत्तर भिंतींत होते. या भागातील जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. वर माळवद, म्हणजे लाकडावर थरावर थर चढवलेल्या मातीचे जड छप्पर. उन्हाळ्यात आत गारवा असे, हा या घराचा मोठा गुण. परंतु ती जाड भिंत वस्तुतः एक नव्हती. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले, एक बाहेर पडला, एक आत पडला, आणि वरून माळवदाचे ओझे खाली आले. जेथे छप्पर लाकडी खांबांवर नीट तोललेले होते तेथे भिंती पडूनही काही ठिकाणी सांगाडा उभा राहिला. गरिबांच्या हलक्या छपरांच्या झोपड्यांतून माणसे त्या मानाने अधिक वाचली.

दोष केवळ गवंड्याला किंवा घरमालकाला देता येणार नाही. दख्खनचे पठार अचल आहे, अशी समजूत विज्ञानाच्याही घरात होती. १९६७ च्या कोयना भूकंपाने तिला तडा दिला होता. पण त्याचे नाते धरणाच्या जलाशयाशी जोडले गेले आणि उरलेले पठार पुन्हा निर्धास्त झाले. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९२ च्या उत्तरार्धापासून किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसत होते, ऑक्टोबरातील एक चांगलाच जाणवण्याइतका होता. जमीन थापटी मारीत होती असे आज म्हणता येते. आवाज ऐकू आला होता; त्याचा अर्थ लावून भिंतींपर्यंत कोणी पोहोचले नाही. मडके या बाजूनेही कच्चेच होते.

मग तो प्रश्न आला जो अशा प्रत्येक वेळी येतो: हे का झाले? आणि त्याच्या मागोमाग, आमचे काय चुकले? संकट म्हणजे देवाचा कोप, हे उत्तर आपल्या अंगवळणी पडलेले आहे. ते नवे नाही आणि केवळ आपलेही नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले तेव्हा धर्मोपदेशकांनी तेच सांगितले. व्हॉल्तेअरने १७५६ मध्ये दीर्घ काव्य लिहून ‘जे आहे ते सारे भल्यासाठीच’ या आशावादावर प्रहार केला. त्यावर रूसोने त्याच वर्षी एक पत्र लिहिले. सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरे निसर्गाने तेथे दाटीवाटीने बांधली नव्हती, अशा आशयाचा मुद्दा त्याने मांडला. रूसोची श्रद्धा शाबूत होती, आणि तरीही प्रश्न देवाच्या दारातून उचलून माणसाच्या बांधणीपाशी आणण्याचे काम त्याने केले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ‘कांदीद’ शिकवली जाते, हे पत्र सहसा शिकवले जात नाही. किल्लारीच्या संदर्भात दोन्ही एकत्र वाचावीत.

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक अवघड आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांना अस्पृश्यतेविषयी गांधीजींइतकीच चीड होती, तरी त्यांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, आणि आपल्या लोकांत आधीच बळावलेल्या अबुद्धिवादाला अशा बोलण्याने खतपाणी मिळते, असा त्यांचा रोख होता. गांधीजींनी आपले मत सोडले नाही. परंतु रवींद्रनाथांचे निवेदन आणि त्यावरील आपले उत्तर ही दोन्ही त्यांनी ‘हरिजन’मध्ये फेब्रुवारी १९३४ मध्ये छापली. या वादात आमचे मत निःसंशय रवींद्रनाथांच्या बाजूचे आहे. ज्या आईचे मूल भिंतीखाली गेले तिला तुझ्या किंवा समाजाच्या पापामुळे गेले असे सांगणे म्हणजे दुःखावर अपराधाचे ओझे ठेवणे. गोरोबांच्या कथेत त्या आईला निदान रागावण्याचा अधिकार होता; कोपाचे तत्त्वज्ञान तोही काढून घेते. पण आपल्या विरुद्धची थापटी स्वतःच्याच पत्रात छापण्याचे गांधीजींचे धैर्य नजरेआड करता येत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन टोके मानली जातात: आगरकर आणि विनोबा. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी रूढी असो, शास्त्र असो, देव असो, बुद्धीच्या कसोटीवर घासल्याशिवाय काही स्वीकारायचे नाकारले. विनोबांनी राजकारण आणि पंथ यांचे दिवस सरले, यापुढे विज्ञान आणि आत्मज्ञान यांचे दिवस, असे आयुष्यभर सांगितले. विज्ञानाला आत्मज्ञानाची जोड मिळाली तर सर्वोदय आणि हिंसेची मिळाली तर सर्वनाश, हे त्यांचे समीकरण प्रसिद्ध आहे. समीकरण सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच भाषणांत ते फार वापरले गेले. आमची अडचण त्यातील बेरजेच्या चिन्हापाशी आहे. ही जोड नेमकी कोठे आणि कशाने व्हायची?

याचे उत्तर दोघांच्या वाक्यांपेक्षा जगण्यात अधिक सापडते. आगरकर ३९ वर्षांचे आयुष्य जगले, ते एखाद्या व्रतस्थासारखे. परलोकावर विसंबून न राहता त्यांनी निरपेक्षपणे काम केले. विनोबांची ‘गीताप्रवचने’ १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पवनारला त्याच विनोबांनी कुदळ, चरखा आणि हिशेब यांचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. म्हणजे एकाच्या बुद्धिवादाला त्यागाने धरले होते आणि दुसऱ्याच्या अध्यात्माला प्रयोगाने. दोघेही आपापल्या विचाराची परीक्षा स्वतःच्या देहावर घेत होते.

भूकंपानंतर ज्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, त्या बळकट करण्याची मोहीम झाली. तीत एक साधा उपाय होता. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात दोन्ही पदरांना धरून ठेवणारा सांधा बसवायचा, असे ठरावीक अंतराने करीत जायचे. भिंत पाडायची नाही, एक पदर काढून दुसरा ठेवायचा नाही. विषयाचा विचार करताना हा सांधा आमच्या मनातून जात नाही. आपल्या शिकलेल्या घरांत अध्यात्म हा आतला पदर आहे आणि विज्ञान हा बाहेरचा. दोन्ही जाडजूड आहेत, मध्ये पुष्कळ शब्दांची भर आहे, आणि शांत काळात भिंत एकसंध दिसते. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस घरी मुहूर्ताशिवाय पाऊल टाकीत नाही, आणि करुणेवर प्रवचन देणारा शेजारच्या गळक्या छपराकडे पाहत नाही. याला आपण समतोल म्हणतो. तो समतोल नाही. ते दोन सुटे पदर आहेत.

आरपार जाणारा दगड एकच आम्हांस दिसतो: आपले कच्चेपण दाखवले गेले असता ते मानून कामाला लागणे. नामदेव रागावले, पण विसोबांकडे गेले. विज्ञानाने २००२ मध्ये आपला नकाशा बदलला. पहिला विभाग काढून टाकला आणि हा टापू तिसऱ्या विभागात घेतला. ही कबुलीच होती, आठ हजार जिवांनंतर का होईना. अध्यात्मात ज्याला अहंकाराचा निरास म्हणतात आणि विज्ञानात ज्याला चूक दुरुस्त करणे म्हणतात, त्या दोन्हींची सुरुवात या एकाच जागी होते. पुढच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच राहू द्याव्यात. थापटीने भूकंपाचे भाकीत होत नाही, आणि भूकंपमापकाने दुःख निवत नाही.

पुनर्वसित गावे आता रुळली आहेत. रुंद रस्ते, एका रेषेतील घरे. तेथे वाढलेल्या पिढीला ती पहाट ऐकूनच माहीत आहे. गोरोबांच्या कथेत मूल परत येते. किल्लारीत कोणी परत आले नाही. म्हणून पहिली कथा आता केवळ भक्तीची म्हणून सांगता येणार नाही, असे आमचे नम्र मत आहे. वर्गात ती शिकवताना तिच्यापाठोपाठ थापटीची कथाही सांगावी, आणि विद्यार्थ्यांना एकदा आपापल्या घराची भिंत पाहून यावयास सांगावे. धाराशिव, लातूरच्या खेड्यांत माळवदाची घरे अजून आहेत. ती किती पदरांची आहेत आणि आरपार दगड कोठे कोठे आहे, हे विचारणे हा मराठीच्या तासाचा विषय नाही असे कोणी म्हणेल. तेरच्या काकांनी मात्र तसे म्हटले नसते.